मनगटावरची गुंडी

हा विषय मी बरीच वर्षं टाळत आलो. या दिवाळी अंकासाठी मी याआधी लिहिलं आहे. ऑपरेशन चालू असताना दिवे गेले तेव्हाची फजिती लिहिली, मधमाश्यांनी फोडून काढलेलं अख्खं वऱ्हाड एका दुपारी दवाखान्यात आलं आणि नवरदेवाचे डोळे उघडेनात, तेही लिहिलं. या वर्षी संपादकांनी फोनवर सरळ विचारलं, "तो ब्रदरभाऊचा पट्टा तुम्हाला सुचला कसा, त्यावरच लिहा ना." मी हो म्हणालो. त्या प्रश्नाचं उत्तर फार लांब नाही. पट्टा मला सुचलाच नाही. ज्या बाईनं तो बांधला होता, तिचा पट्टा मी कात्रीनं कापला होता.

ज्यांना हा पट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधी इलास्टिकची पट्टी, तिच्या आतल्या बाजूनं शर्टाची गुंडी शिवलेली. कॅन्सरच्या औषधानं उलट्या होतात, मळमळतं, त्यावेळी ती मनगटात घालायची, अशी की गुंडी नेमक्या जागी कातडीला टेकेल. आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या बालाघाटकडेही लोक त्याला ब्रदरभाऊचा पट्टा म्हणतात. ब्रदरभाऊ म्हणजे मी. दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, आणि आमच्याकडच्या लोकांना कुणालाही भाऊ लावल्याशिवाय चैन पडत नाही.

मी गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात होतो. पूर्वी किमोसाठी रुग्णाला नागपूर गाठावं लागे. औषध घेऊन परतताना माणूस गाडीतच ओकत यायचा, कुणी खिडकी सोडायला तयार नसायचं. नव्वदचं दशक संपताना आमच्या दवाखान्यानं मागच्या एका खोलीत किमो सुरू केली. नागपूरचे डॉक्टरसाहेब ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं येत, तपासत, औषध लिहून देत. शीर शोधणं, सुई लावणं, औषध सोडणं आणि पुढचा सगळा दिवस सांभाळणं माझ्याकडे.

बाहेरच्या माणसाला वाटतं की कॅन्सरमध्ये दुखणं सगळ्यात वाईट. माझ्या खोलीतले लोक उलटीला जास्त भीत. औषध शरीराला विष वाटतं, आणि विषाचं काय करायचं हे शरीराला एकच ठाऊक आहे, बाहेर फेकायचं. औषध जातं शिरेतून, पोटात काही नसतं, तरी पोट फेकत राहतं. काहींना त्याच दिवशी होतं. काहींना घरी गेल्यावर सुरू होतं आणि मग थांबता थांबत नाही. आणि तिसरा प्रकार असा की औषध लागायच्या आधीच उलटी होते. दवाखान्याचं फाटक पाहिलं, स्पिरिटचा वास आला, की झालं. मन आधीच ओकायला बसलेलं असतं.

या तिसऱ्या प्रकारातले एक सेठ मी विसरणार नाही. आमच्या खोलीच्या मागे जी राइस मिल होती ती त्यांचीच. दुपारी तिथे धान उकडत. त्या वाफेचा वास आम्हा गोंदियाकरांना जाणवतही नाही, पण किमो घेणाऱ्याला तो सहन होत नसे. सेठना स्वतःच्याच मिलमध्ये पाऊल टाकणं अवघड झालं होतं. एकदा बाजारात भाजी घेताना मी त्यांना दिसलो. मी हात जोडायच्या आत त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि नालीकडे धावले. परत आल्यावर डोळे पुसत म्हणाले, "ब्रदर भैया, बुरा मत मानना. आप आदमी अच्छे हो. बस मेरे सामने मत आया करो." भाजीवालीनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय केलं जी तुमी त्याले?"

पण सेठ नंतरचे. आधी अनसूयाबाई.

अनसूयाबाई चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या एका गावच्या. घरची धानाची शेती. अंडाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन नागपुरात झालेलं. किमोच्या दिवसांत त्या गोंदियाला लागूनच्या कुडव्याला धाकट्या जावेकडे राहत. जावेचं नाव सुग्रता. नवरा ऑटो चालवायचा, ती घरी बिड्या वळायची. जाऊ म्हटल्यावर आपल्या मनात जे येतं त्यातलं या दोघींत काही नव्हतं. सुग्रताबाई थोरलीला उठवून बसवायची, तिच्या तोंडाशी भांडं धरायची, आणि तिचं लक्ष वळवायला गावच्या लोकांच्या नकला करायची. अनसूयाबाई ओकता ओकता हसत.

पहिल्या किमोनंतर त्यांचे फार हाल झाले. पाणीही ठरेना, सलाईनसाठी परत आणावं लागलं. दुसऱ्या वेळी मात्र सगळं निभावलं. मी विचारलं तर सुग्रताबाई म्हणाली, "पेज पेली जी यायनं. दुसऱ्या दिवशी वाटीभर भातही खाल्ला." मी म्हटलं, "गोळी बदलली होती, नवी गोळी लागू पडली." ती काहीतरी सांगायच्या बेतात होती, पण माझं लक्ष पुढच्या खाटेकडे गेलं होतं.

आता माझ्या कात्रीबद्दल सांगायला हवं. माझी धाकटी बहीण लहानपणी काविळीनं गेली. तिला दवाखान्यात नेलं नाही. रोज सकाळी एक माणूस यायचा, मंत्र म्हणायचा आणि तिच्या हाताला नवा गंडा बांधायचा. ती गेली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत दोरे होते. म्हणून नर्सिंग शिकून नोकरीला लागल्यावर रुग्णाच्या हातात गंडा दिसला की मी तो कापायचो. सुई लावायला मनगट मोकळं हवंच, पण खरं कारण ते नव्हतं. मला त्यात आनंद होता. मी कापायचो आणि चारचौघांत एक वाक्य टाकायचो. खोली हसायची. सिस्टर लोक म्हणत, "ब्रदरभाऊंची कात्री निघाली." मला त्याचा अभिमान वाटायचा.

तिसऱ्या किमोला मी अनसूयाबाईंचा डावा हात शीर शोधायला घेतला. हिरव्या बांगड्या वर सारल्या, तर खाली काळा करदोडा, घट्ट, गाठ मारलेला. उजव्या हाताच्या बांगड्या सारल्या, तिथेही तसाच.

"हे काय बांधलं बाई?"

अनसूयाबाईंनी जावेकडे पाहिलं. सुग्रताबाई म्हणाली, "ते राहू द्या ना भाऊ. त्यानं आराम पडून राहिला यायले."

"कुण्या बाबानं दिलं?"

"बाबा नाही जी. ते दोऱ्याचं काही नाही, आत गुंडी..."

मी तिला पुरतं बोलू दिलं नाही. डाव्या हातातला दोरा कापला. मनगटात सुई लावायची होती, तेवढं कारण मला होतं. मग मी खाटेला वळसा घालून पलीकडे गेलो आणि उजव्या हातातलाही कापला. त्याला काहीही कारण नव्हतं. कापताना म्हणालो, "दोऱ्यानं उलटी थांबली असती तं मी इथे सलाईन नसतो लावत, करदोड्याचं दुकान टाकलं असतं." खोली हसली. सेठ तेव्हा नव्हते, पण दुसरे दोघं-तिघं होते, तेही हसले. सुग्रताबाई हसली नाही. तिनं खाली वाकून ट्रेमध्ये पडलेले दोरे पाहिले आणि ते उचलू की नको अशी उभी राहिली. मी ट्रे सिस्टरकडे दिला.

एक गोष्ट तेव्हा दिसली आणि मी तिच्यावरून नजर काढून घेतली. दोरा निघाल्यावर अनसूयाबाईंच्या मनगटावर, आतल्या बाजूला, एक गोल वळ उमटलेला होता. वळाच्या आत चार बारीक ठिपके.

त्या दुपारी त्यांना खोलीतच उलट्या सुरू झाल्या. मिलची वाफ आली आणि त्या खाटेवरून जवळजवळ खाली आल्या. डॉक्टरसाहेबांनी जास्तीचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी त्यांच्या नवऱ्यानं आणि सुग्रताबाईनं त्यांना दोन्हीकडून धरून ऑटोत बसवलं. पुढच्या किमोला त्या आल्या नाहीत. निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. किमो अर्धी सोडणारे बरेच असतात. मी त्यांनाही त्यांच्यात मोजलं आणि पुढे गेलो.

काही महिन्यांनी डॉक्टरसाहेबांबरोबर त्यांच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. ॲलोपॅथी शिकलेल्याच, पण पुढे चिनी सुयांची पद्धतही शिकलेल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, "ब्रदर, ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो दाखवा." मी सेठकडे बोट केलं, तेही दारामागून, कारण मी समोर गेलो असतो तर प्रयोग तिथेच संपला असता.

सेठनी सुया पाहिल्या. केसासारख्या बारीक. म्हणाले, "मॅडम, चायना का माल है. गारंटी कितने दिन की?"

बाई हसल्या. "माल पुराना है सेठजी. सबको नहीं लगता. लगा तो लगा. गोली मत छोड़ना."

त्यांनी सेठचीच तीन बोटं घेतली आणि त्यांच्याच दुसऱ्या मनगटावर, तळहाताच्या खालच्या घडीला लावून आडवी ठेवली. मला म्हणाल्या, "माप ज्याचं त्याच्या बोटांचं. जाड माणसाचं जाड, लहान मुलाचं लहान. तिसरं बोट संपतं तिथे, या दोन ताठ दोऱ्यांच्या मधे." मनगट वाकवलं की हाताच्या आतल्या बाजूला दोन दोऱ्या वर येतात, त्या. "चिनी वैद्य या जागेला नेइगुआन म्हणतात. आतला दरवाजा." त्यांनी सुई टेकवली, किंचित फिरवली आणि सोडून दिली. सुई मनगटावर उभी राहिली. मग दुसरी, दुसऱ्या हातावर.

आम्ही वाट पाहिली. दुपार झाली आणि मिलची वाफ आत आली. खोलीतला प्रत्येक जण सेठकडे पाहत होता. बाजूच्या खाटेवरच्या माणसानं भांडं ओढून घेतलं. सेठनी डोळे मिटले. त्यांचा गळा एकदा हलला. मग त्यांनी नाकानं लांब श्वास घेतला, आणि पुन्हा घेतला.

"मेरे ही मिल की है ना?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"हां सेठजी."

"कितने दिन बाद अपनी लगी." थोड्या वेळानं म्हणाले, "ब्रदर भैया कहाँ है? बुलाओ, आज देख लेता हूँ."

मी दारामागून पुढे आलो. सेठ माझ्याकडे बघत राहिले, आणि काहीही झालं नाही. मी आयुष्यभर माणसांना सुया टोचल्या. माझ्या प्रत्येक सुईनं काही ना काही आत घातलं, नाहीतर बाहेर काढलं. या सुईत काहीच नव्हतं. ती नुसती उभी होती, आणि आत कुठेतरी एक दरवाजा लागला होता. मी बाईंना विचारलं, हे होतं कसं? त्या म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यांतून पाहिलंय, काही जणांना नक्की फायदा होतो. का होतो हे पुरतं कुणालाच माहीत नाही." शिकलेला माणूस इतक्या सहज 'माहीत नाही' म्हणतो हेही मला नवीन होतं.

मग मी सेठच्या मनगटाकडे वाकून पाहिलं. सुई जिथे उभी होती तिथे मला सुईऐवजी एक गोल वळ दिसला, आणि आत चार ठिपके. मी खाटेची कड धरली.

बाई दर वेळी येणार नव्हत्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सुई नसली तर अंगठ्यानंही दाबता येतं. पण दिवसभर दाबून कोण बसणार?"

माझ्या तोंडून निघालं, "पट्टीला आतून गुंडी शिवली तर?"

"वा, ब्रदर," बाई म्हणाल्या. "परदेशात असे पट्टे विकत मिळतात. तुम्ही पाहिले होते?"

"नाही."

"मग डोकं चालतं तुमचं."

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. मी बोललो नाही. नंतर बोलू असं वाटलं, आणि ते नंतर आजवर लांबलं.

पट्टा पसरला. नातेवाईक बाया घरी शिवून आणू लागल्या. एका पोवार आजोबांनी जुन्या कोटाची पितळी गुंडी लावली. मी विचारलं तर म्हणाले, "मरन्यासाठी आलो नाही मी, जगन्यासाठी आलो. मंग गरिबावानी गुंडी कायले लावू?" सगळ्यांना गुण आला असं नाही. काहींना बराच आराम पडला, काहींना थोडा, काहींना अजिबात नाही. एकानं तर पट्ट्याच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या आणि कोरडा पडून दाखल झाला. तेव्हापासून पट्टा देताना मी आधी गोळ्यांची शपथ घ्यायला लावायचो. रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील तर पट्टा सैल, नाहीतर खाली काळंनिळं होतं. आल्याचा तुकडा चघळायला सांगायचो, तेही चिनी वैद्यांकडे आहे आणि आपल्या आजीकडेही. पण दर वेळी कुणाची तीन बोटं त्याच्या मनगटावर ठेवताना मला तेच नवल वाटायचं. एवढीशी जागा. हजारो वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे नव्हे, डोंगरांपलीकडे, कुणीतरी कुणाच्या तरी हातावर ती चाचपडत शोधली असेल, कारण समोरचं माणूस ओकत होतं आणि दुसरं काही करता येत नव्हतं.

आणि कुडव्याच्या एका घरात सुग्रताबाईनंही तेच केलं होतं.

मी कुडव्यातच राहतो. तिची गल्ली माझ्या रस्त्यातच होती, पण मी गाडी लांबून नेत असे. खूप उशिरा, पट्ट्यासाठी एका मंडळानं माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला त्यानंतरच्या आठवड्यात, मी तिच्या दारात गाडी लावली.

ती मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. मला ओळखलं, पटकन पदर सावरला. "या ना ब्रदरभाऊ. बसा." मी अनसूयाबाईंबद्दल विचारलं.

"त्या तं तवाच गेल्या. त्या खेपेनंतर लय ओकल्या. म्हने मरन तं मरन, त्या खोलीत नाही जात. आमी लय समजावलं. नाही आल्या."

मी म्हटलं, "ते दोरे..."

ती बोटं न थांबवता बोलत होती. पानात तंबाखू, गुंडाळी, दोरा. "ते माह्याच हातचं होतं जी. वळून वळून मनगट दुखे माहं, मून धर्मशाळेत सकाळी जात होतो. रेल्वेतले एक रिटायर बुढे बाबूजी तिथं फुकट दाबून द्यायचे, शिकवायचे. त्याइनं सांगतलं, उलटीची जागा ही. मी घरची गुंडी घेतली, करदोड्यात ओवली. आधी तं आराम पडला. मंग तुमी कापलं, तवा समजलं मले."

"काय समजलं?"

"का मी चुकीच्या जाग्यावर बांधून राहिलो मून. तुमी शिकलेले मानसं, पाहून कापलं असन ना. माह्याच बांधन्यानं त्याइची तब्येत बिघडली असन." ती पहिल्यांदा थांबली. "तुमचा पट्टा पाह्यला मी, शेजारच्या बाईच्या हातात. कसा बरोबर बसवला तुमी. माहं थोडं इकडंतिकडं झालं असन. तवापासून मी कोनाले दाबून देत नाही. आधी गल्लीतल्या बाया येत. आता नाही म्हनतो."

"कुठे बांधलं होतं?" मी विचारलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटाच्या घडीवर आडवी ठेवली, मग ती उचलून तिसरं बोट संपलं होतं तिथे, दोन दोऱ्यांच्या मधे, अंगठा टेकवला. डॉक्टरीणबाईंची सुई जिथे उभी होती तिथेच. मग वर माझ्याकडे पाहिलं, शाळेतल्या पोरीनं उत्तर दाखवावं तसं.

"इथं. चुकलं होतं ना जी?"

अनसूयाबाई किमो पूर्ण करून वाचल्या असत्या की नाही, हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. ते ओझं माझ्याकडे आहे आणि राहील. पण हा प्रश्न तसा नव्हता. याचं उत्तर मला पक्कं माहीत होतं, आणि जिल्ह्यात माझ्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. ती अंगठा तसाच ठेवून वाट पाहत होती. घरात तिची सून होती, दारात शेजारची एक बाई येऊन उभी राहिली होती. मी म्हणालो, "आता जुनं झालं ते." ती म्हणाली, "हो जी," आणि अंगठा काढला. मग तिनं आल्याचा चहा केला. मी तो प्यालो, चहा चांगला झाला म्हणालो, आणि निघालो.

त्यानंतर एक-दोनदा मी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. एकदा ती दारातच बसलेली दिसली, एकटी, तरी मी वळलो. पुढे तिच्या नवऱ्यानं निरोप पाठवला की सुग्रता गेली, तेरवीला या. मी गेलो. पंगतीत बसलो. तिच्या सुनेनं वाढताना शेजारच्यांना सांगितलं, "हे ब्रदरभाऊ. पट्टावाले." मी मान खाली घालून जेवलो.

संपादकांनी सांगितलंय की शेवटी वाचकांसाठी दोन शब्द लिहा. वाचकांसाठी माझ्याकडे काही नाही. जे आहे ते एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि ते त्या दिवशी चहाच्या आधी, सून आणि शेजारीण ऐकत असतानाच सांगायला हवं होतं.

सुग्रताबाई, माफ करा. चूक माझ्या कात्रीची होती. गुंडी बरोबर जागेवर होती.